आबांची माळ

ताई,

माझं वय ४१. मूळ गाव माळशिरस तालुक्यात, नोकरीमुळे गेली पंधरा वर्षं पिंपरीत. घर वारकऱ्यांचं. वडील (आम्ही त्यांना आबा म्हणतो) सलग ३४ वर्षं आळंदीहून पंढरपूरला पायी गेले. दिंडीत ते विणेकरी. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हापासून वारी बंद. आता त्यांचं एकच म्हणणं, ‘मी आहे तोवर माळ घाल आणि वारी पुढं चालव.’

अडचण अशी की माझा देवावर विश्वास उरलेला नाही. एका दिवसात गेला नाही, कॉलेजपासून थोडा थोडा गेला. त्याहून जास्त मन उडालं ते धर्माच्या नावानं चालणारा कारभार बघून. दिंडीची भिशी (वाटेतल्या जेवणखाणासाठी प्रत्येकानं द्यायची वर्गणी) दर वर्षी वाढते. हिशोब विचारला की ‘माउलीच्या कामात हिशोब कसला?’ म्हणतात. गावच्या देवळाच्या ट्रस्टवर कित्येक वर्षं तीच दोन आडनावं. सप्ताहात महाप्रसादाची पंगत सगळ्यांची, पण कढईपाशी कोणी जायचं आणि कोणी नाही हे न बोलता ठरलेलं. नावाजलेले महाराज कीर्तनाची तगडी बिदागी ठरवून घेतात आणि वर आम्हाला लोभ सोडायला सांगतात. हे सगळं दिसत असताना त्याच लोकांची माळ गळ्यात कशी घालू? लहानपणी पालखी आली की मी हापसा मारून वारकऱ्यांच्या बादल्या भरायचो, हात दुखेपर्यंत. तो मुलगा कुठं गेला कळत नाही.

बायको म्हणते, ‘घालून टाका, काय जातंय? शर्टाच्या आत ठेवा.’ ती स्वतः एकादशी धरते, रोज हरिपाठ म्हणते, गावी असलो की आबांबरोबर बसून. मी रविवारी मटण खातो, मित्रांत बसलो तर दोन पेग होतात. आबांना हे माहीत आहे, पण आम्ही त्यावर बोलत नाही. मुलगी नऊ वर्षांची. परवा विचारत होती, ‘बाबा, देव आहे का? आजोबा आहे म्हणतात, तुम्ही काहीच म्हणत नाही.’ मी विषय बदलला.

न मानता माळ घालणं ही फसवणूक आहे का? आणि नाही म्हणायचं तर ७६ वर्षांच्या माणसाला कसं सांगू?

– माळेचा वारस, पिंपरी

*

तुमची सही बघून हसू आलं. जे नको म्हणून एवढं लांब पत्र लिहिलंत, त्याचाच वारस म्हणून खाली सही केलीत.

आधी उत्तर देऊन टाकते, मग बाकीचं बोलू. माळ घालू नका.

याचं कारण तुमची नास्तिकता नाही. देव आहे की नाही इथपर्यंत आपली गाडी पोचतच नाही, त्याच्या आधीच रविवारचं मटण आडवं येतं. माळ हा दागिना नव्हे, नेम आहे. तुळशीच्या मण्यांची ती माळ ज्ञानेश्वरीवर ठेवून घेतात, महाराजांच्या हातून गळ्यात पडते, आणि ती घालताना माणूस कबूल करतो: पंढरीची वारी करीन, एकादशी धरीन, मांस-मच्छी-दारूला शिवणार नाही, खोटं बोलणार नाही, परस्त्रीला आईसारखं मानीन. हे तुम्हाला मी सांगायला नको, तुमचं बालपण त्यातच गेलं. तरी पत्रात तुम्ही सगळा काथ्याकूट विश्वासाचा केलात आणि पथ्याचा विषय एका वाक्यात उरकलात, म्हणून आठवण करून देते.

आमच्याकडे घराचं काम चालू असताना एक माळकरी गवंडी होते. परांचीवर उभे राहून गिलावा करताना त्यांची माळ दोऱ्यातून तुटली आणि मणी खालच्या वाळूच्या ढिगात पडले. दुपारी बाराचा सुमार, एप्रिल महिना. माळ तुटली की पुन्हा गळ्यात पडेपर्यंत काही तोंडात घालायचं नाही, असा त्यांचा नेम. डबा तसाच ठेवला आणि वाळू चाळायची ती मोठी चाळणी घेऊन बसले. मी दोनदा पाणी नेलं, दोन्ही वेळा हात जोडले. पाच वाजता शेवटचा मणी सापडला की नाही मला आठवत नाही. बहुतेक दोन-तीन कमीच होते. पण बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा मुलाकडून मागवून त्यांनी माळ ओवली, घातली आणि मग पाणी प्यायले. त्यांनी माझ्याशी देवाबद्दल कधी चर्चा केली नाही. मीही विचारलं नाही.

सांगायचा मुद्दा, माळ म्हणजे तुमच्या डोक्यात कुठले विचार आहेत याचा दाखला नाही. तो शब्द आहे, आणि शब्द पाळणार असाल तरच द्यावा. तुम्ही मला लिहिलं असतंत की ताई, देव काही मला पटत नाही, पण मटण सोडलंय, बाटली सोडलीय, एकादशी धरतो, दर आषाढीला रजा काढून चालेन, तर मी डोळे झाकून सांगितलं असतं, घाला. बऱ्याच जणांना हे उलटं वाटेल. विश्वास पाहिजे, नेम थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतं, असं आपल्याकडे सर्रास मानतात. मला तसं वाटत नाही. नेम दिसतो. विश्वास कोणाच्या पोटात किती आहे हे कोण मोजणार?

तुमच्या बायकोचं ‘काय जातंय’ मला समजतं. घरात शांतता राहावी यासाठी बायका हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या बोलत आल्यात, मीही बोलले आहे. पण शर्टाच्या आत ठेवायची ती कोणापासून लपवायला? ऑफिसातल्यांपासून असेल तर ठीक. आबांपासून लपणार नाही. चौतीस वर्षं दिंडीत काढलेला माणूस एकादशीला तुमचा हात कुठल्या डब्याकडे जातो ते बघणारच. बघेल आणि बोलणार नाही. आत्ताच घरात मटणाबद्दल कोणी बोलत नाही. त्यात आणखी एका न बोलायच्या गोष्टीची भर पडेल, आणि ती गळ्यात असेल.

आता माझं सांगते. मी तुमच्यापेक्षा पंचवीस-सव्वीस वर्षांनी मोठी आहे आणि देव न मानण्याचा माझा अनुभवही तेवढ्याच वर्षांनी जुना आहे.

माझे वडील गेले ते १९९८ साली. मी थोरली, भाऊ नाही. चुलत भाऊ दहाव्याला बसायला तयार होता, पंचांगवाले गुरुजी ठरले होते. मी सांगितलं, यातलं काहीही होणार नाही. तेव्हा मी शिबिरांना जायचे, भाषणं करायचे, माझ्याकडे प्रत्येक विधीचं उत्तर तयार असायचं. अस्थी आम्ही शेतात आंब्याच्या खड्ड्यात ठेवल्या, वर कलम लावलं. लोकांनी नावं ठेवली, मी मान ताठ ठेवली. आई एवढंच म्हणाली, ‘तुझ्या मनाला येईल ते कर.’ तो होकार आहे असं मी धरून चालले.

दहाव्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला कपडे वाळत घालायला म्हणून मी गच्चीवर गेले. जिन्याच्या वरच्या पायरीवरून मला आई दिसली. कठड्यावर स्टीलची छोटी ताटली, त्यात दहीभाताचा गोळा, वर काळे तीळ. आई चार हात लांब, पाण्याच्या टाकीच्या सावलीत पदर घेऊन बसलेली. शेजाऱ्यांच्या अँटेनावर एक कावळा होता. तो खाली येत नव्हता. आई त्याच्याकडे बघत हळू आवाजात काहीतरी सांगत होती. बहुतेक वडिलांना शब्द देत होती, कसला ते मला ऐकू आलं नाही. मी ओल्या कपड्यांची बादली घेऊन तशीच खाली आले. पाऊण तासानं ती उतरली, ताटली घासली, फळीवर उपडी ठेवली. कावळा शिवला का, हे मी विचारलं नाही. २००९ साली ती गेली, तोवर आम्ही दोघी एकदाही यावर बोललो नाही.

आजही कोणी विचारलं तर मी सांगेन की कावळ्याला माझ्या वडिलांच्या इच्छेचं काही कळत नाही. मत तेच आहे. पण वडील माझे होते तसा नवरा तिचा होता, आणि तिला काय हवंय हे मी विचारलंच नव्हतं. तत्त्वं माझी राहिली आणि भात तिला चोरून शिजवावा लागला, स्वतःच्या घरात. चुलत भाऊ घाटावर बसला असता तर माझं काय गेलं असतं? मी बाजूला उभी राहिले असते. इतकं साधं होतं ते. हे मला सुचायला अकरा वर्षं लागली, आणि सुचलं तेव्हा सांगायला ती नव्हती.

म्हणून तुमचं पत्र मी जरा वेगळ्या डोळ्यांनी वाचलं. ओळी मोजल्या म्हणा ना. ट्रस्ट, भिशी, कढई, बिदागी यांना भरपूर जागा. आबांच्या गुडघ्यांना अर्धं वाक्य. राग कुठे आहे ते दिसतं. मात्र तुम्ही एका पत्रात तिघांशी भांडताय: देवाशी, ट्रस्टवाल्यांशी आणि आबांशी. ही भांडणं वेगळी करून बघा. उद्या ट्रस्टनं देवळाच्या भिंतीवर पै-पैचा हिशोब लावला, कढईपाशी सगळ्यांना बोलावलं, महाराजांनी फुकट कीर्तन केलं, तर तुमचा देवावर विश्वास बसेल? नाही ना? मग कारभार वाईट म्हणून देव नाही, हे काही खरं नाही. तुमचा देव दुसऱ्याच कुठल्या तरी वाटेनं गेला. कारभाराचा राग खरा आहे, पण त्याला अविश्वासाच्या बाजूनं साक्षीला उभं करू नका.

उलट बाजूही बघा. चोखोबा. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून त्याखाली ते गेले. समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर. तुम्ही तिथं डोकं ठेवलं असेल लहानपणी, सगळेच ठेवतात. चोखोबांच्या समाधीला हात लावायचा, मग आत जाऊन विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवायचं, आणि चोखोबांच्या जातीतल्या माणसानं मात्र बाहेरच थांबायचं, हे किती शतकं चाललं? साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा देवळाची दारं उघडली. म्हणजे सहाशे वर्षं. याच्यासमोर तुमच्या गावची कढई ही अगदी धाकटी बहीण. आणि चोखोबांनी तरी काय केलं? ज्यांनी दाराबाहेर ठेवलं त्यांना अभंगांतून जाब विचारला, पण विठ्ठलाला सोडलं नाही. ते त्यांचं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला तेव्हा मधले दलाल काढून टाकले, पण ‘निर्मिक’, म्हणजे जग निर्माण करणारा, ठेवला. गाडगेबाबांनी कीर्तनात देवाची, नवसाची, तीर्थाची यथेच्छ खिल्ली उडवली. हातात खराटा घेऊन चंद्रभागेचं वाळवंट झाडलं, पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली, आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. त्याच माणसाच्या तोंडी ‘गोपाला गोपाला’ शेवटपर्यंत होतं. यातल्या कोणाला आस्तिक म्हणायचं, कोणाला नास्तिक, कोणाला धार्मिक? मी प्रयत्न सोडून दिलाय.

तुकोबांचंच घ्या. माझ्यापुरता देव मेला, ज्याला असेल त्याला असो, असं त्यांनी एका अभंगात सरळ म्हणून टाकलंय. रागानं म्हटलं असेल, भक्तीतल्या भांडणात म्हटलं असेल, पुढे समेटही केला. पण म्हटलं. आबांना तो अभंग माहीत असणार. तेव्हा तुमच्या तोंडून ‘देव पटत नाही’ ऐकून ते कोसळतील ही भीती थोडी कमी करा. दिंडीत राहिलेल्या माणसानं पावसात गळणाऱ्या राहुटीत रात्री दोन वाजता लोकांनी देवाला दिलेल्या शिव्याही ऐकलेल्या असतात.

आणि हिशोबाचं म्हणाल तर तो विचारायला आस्तिक असावं लागत नाही. देवळाचा ट्रस्ट नोंदणीकृत असेल तर त्याला धर्मादाय आयुक्तांकडे दर वर्षी हिशोब द्यावे लागतात. तिथल्या कार्यालयात अर्ज करून ट्रस्टच्या शेड्यूल-१ चा उतारा मिळतो, त्यात विश्वस्त कोण आणि मालमत्ता काय ते दिसतं. विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. तो कधी आणि कोणी केला तेही बघता येतं. पंढरपूरच्या देवळातल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क काढणारा कायदा १९७३ चा. त्यांचा शेवटचा दावा सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला तो जानेवारी २०१४ मध्ये. चाळीस वर्षं कोणीतरी कागद धरून बसलं होतं, तेव्हा झालं ते. तुम्हाला एवढी वर्षं लागणार नाहीत, तुमच्या समोर दोनच आडनावं आहेत. दिंडीच्या भिशीसाठी मात्र कचेरी नको, चालकांना चार माणसांत विचारा.

पालखीच्या समाज आरतीत आबांनी तुम्हाला कधी नेलंय का? मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या, हजारो टाळ एका वेळी वाजत असतात. चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, वर करतो आणि क्षणात सगळे टाळ बंद. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती थांबत नाही, टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे चालत जातो, सगळ्यांसमोर तक्रार ऐकतो, निवाडा होतो, तेव्हा ते टाळ थांबतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता, श्रद्धा नसताना. हे असलं मला कुठल्याही ऑफिसात, पक्षात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये बघायला मिळालेलं नाही. तुमच्या दिंडीत ‘माउलीच्या कामात हिशोब कसला’ म्हणणारा जो कोणी आहे, त्याला ही रीत ठाऊक असणारच.

आता आबांना सांगायचं कसं.

फोनवर नाही, व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नाही. एकादशीच्या दिवशी नाही, पाहुणे असताना नाही. शनिवारी गावी जा, एकटे. संध्याकाळी हरिपाठ झाला की ओट्यावर त्यांच्याशेजारी बसा. आल्या आल्या मुद्द्याला हात घालू नका. त्यांना विचारा, पहिली वारी कोणत्या साली, कोणाबरोबर, घरून काय म्हणाले, माळ कोणी घातली. मला खात्री आहे की तुम्हाला हे नीट माहीत नाही. चौतीस वर्षांत वारीतलं त्यांचं सगळं घरात ऐकून ऐकून पाठ झालं असं वाटतं, पण मुलं ऐकत नसतात, कामं करत असतात. आणि एक खास विचारा: दोन वर्षांपूर्वी पाय थांबले तेव्हा विणा कोणाकडे दिला?

विण्याचं तुम्हाला माहीत आहे. सप्ताहात पहाऱ्याला उभे राहतात तेव्हा तो खाली ठेवत नाहीत, पुढच्याच्या गळ्यात घालतात, एकमेकांच्या पाया पडतात आणि मग मागचा सुटतो. आबांचा विणा घाईत, दवाखान्याच्या गडबडीत, कोणाकडे तरी गेला असेल. मला आपला संशय आहे की ‘वारी पुढं चालव’ म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर तो विणा आहे. तुमच्या डोक्यात देव मानायची अट त्यांनी घातलीय असं तुम्ही धरलंत, पण तुमच्या पत्रात त्यांचं जे वाक्य आहे त्यात देवाचा शब्दही नाही. माझा अंदाज चुकला तर चुकला. विचारल्याशिवाय कळायचं नाही.

मग सांगा. सरळ, छोटं. ‘आबा, मी माळ घालणार नाही. घातली तर माझ्याकडून पाळली जाणार नाही, आणि तुमच्यासमोर खोटी माळ घालून मला बसायचं नाही.’ एवढंच. ट्रस्ट काढू नका, महाराजांची बिदागी काढू नका, कर्मकांड, शोषण, वैज्ञानिक दृष्टिकोन हे शब्द त्या ओट्यावर नकोत. ते सगळं बरोबर असलं तरी तिथं ते पळवाटेसारखं वाटेल. देवाचं त्यांनी विचारलं तर खरं सांगा, नाही विचारलं तर तुम्हीही सुरू करू नका. आगरकरांएवढा कडवा सुधारक दुसरा नाही. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. त्यांच्याही घरात यशोदाबाईंची व्रतवैकल्यं चालूच होती. बायकोला वादात हरवणं हा त्यांनी सुधारणेचा भाग मानला नाही. तुम्हीही आबांना हरवायला जाऊ नका, शहात्तराव्या वर्षी हरून ते काय करणार आहेत?

सांगून झालं की गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. ते रागावतील, किंवा उठून आत जातील, किंवा रात्री जेवणार नाहीत. दोन दिवसांनी आत्याचा फोन येईल, मग मामाचा, मग दिंडीतल्या कोणाचा. प्रत्येकाला एकच उत्तर, ‘माझं आबांशी बोलणं झालंय.’ त्यापलीकडे एक अक्षर नाही. नातेवाइकांना घरातल्या भांडणाची एक चिंधी मिळाली की ते तिची गोधडी शिवतात.

आता तुमच्या बायकोकडे वळते, कारण तिच्याकडे कोणी वळलेलं दिसत नाही. एकादशी ती धरते, हरिपाठ ती म्हणते, गावी असली की आबांबरोबर बसून. वारस शोधायला तुम्ही दोघं बापलेक कुठे कुठे फिरताय आणि ती स्वयंपाकघरात आहे. तिला कोणी विचारलंय का? बायका माळ घालतात, वारी करतात. मुक्ताई, जनाई, कान्होपात्रा, बहिणाबाई ही नावं तर आबांच्या रोजच्या बोलण्यातली. तुमच्या दिंडीत बाईच्या गळ्यात विणा देतील की नाही हे मला सांगता येणार नाही, तो दिंडीचा प्रश्न. पण माळेला कोणाची आडकाठी? मात्र तिच्यावर ढकलू नका हं. ‘तूच घाल म्हणजे मी सुटलो’ असं नको. तिला हवं असेल तर अठरा-वीस दिवस घर, मुलगी, डबे तुम्ही बघायचे, ही तुमची भिशी. नको असेल तर विषय संपला.

आणि तुम्हाला चालायचं असेल तर? वारीच्या वाटेवर कोणी विश्वासाचं तिकीट तपासत नाही. हौशे, नवशे, गवशे सगळे असतात. चौथा कोणी नुसता बापासाठी आला तर गर्दी वाढत नाही. पण माळ नाकारल्याची भरपाई म्हणून चालू नका, आबांना ते लगेच कळेल. मनापासून वाटलं तर जा, नाहीतर नका जाऊ. त्यापेक्षा एक करता येईल. पालखी तुमच्या तालुक्यातूनच जाते, सदाशिवनगरजवळ गोल रिंगण होतं. गाडी लांब लावावी लागेल, म्हणून पहाटेच निघा. घडीची खुर्ची घ्या, पाण्याची बाटली, टोपी. आबांना रिंगणाच्या कडेला बसवा. अश्व धावताना धूळ उडते ती त्यांच्या धोतरावर पडू द्या. त्यांची दिंडी आली की ओळखीची माणसं येऊन पाया पडतील, त्यांनाही पडावं लागेल, वाकायला तुमच्या हाताचा आधार लागेल. तेव्हा मोबाइल खिशात ठेवा. आणि त्या हापशाचं म्हणाल तर तो मुलगा कुठेही गेलेला नाही. पाणी भरायला देव मानावा लागत नव्हता तेव्हाही. गावात अजून वारकरी थांबत असतील, बादल्याही असतील.

मुलीचा प्रश्न शेवटी घेते, कारण तो सगळ्यात सोपा आहे. तिला सांगा, ‘मला वाटतं नाही. आजोबांना वाटतं आहे. आईला विचार, ती काय म्हणते बघ. तुला घाई नाही.’ ती लगेच विचारेल, ‘मग आजोबा खोटं बोलतात का?’ नऊ वर्षांची मुलं असंच पकडतात. ‘नाही, त्यांना जे वाटतं ते ते सांगतात, मला वाटतं ते मी सांगतो.’ मग ती आजोबांकडे जाऊन हे सगळं तिखटमीठ लावून सांगेल, आणि ओट्यावर तुम्हाला जे जमलं नाही तेही सांगून टाकेल, म्हणून आबांशी आधी तुम्ही बोला. तिला हरिपाठाला बसू द्या. टाळ वाजवायला मुलांना आवडतं. चाली सुंदर आहेत, मला आजही येतात, भांडी घासताना म्हणते. विषय मात्र पुन्हा बदलू नका. तुम्ही काहीच म्हणत नाही, हे तिच्या लक्षात आलंय.

राहिले गुडघे. दोन वर्षं झाली म्हणता. हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं का, एक्स-रे काढला का, झीज किती आहे, सांधा बदलायला सांगितलाय की औषधावर भागतंय, यातलं पत्रात काहीही नाही. गावाकडे तेल लावून बसले असतील तर त्यांना आठ दिवस पिंपरीला आणा आणि चांगल्या डॉक्टरकडे न्या. ‘आषाढी होऊ दे, मग बघू’ म्हणतील. मागच्या वर्षीही तेच म्हणाले असतील. या सोमवारीच नंबर लावा.